दाराशी आलेला अनोळखी

नाताळच्या सुमारास आपल्या गावोगावी ज्या नाटिका होतात, त्यांत एक पात्र हटकून असते. ते म्हणजे उतारशाळेचा मालक. हातात कंदील घेऊन तो दार किलकिले करतो, योसेफ आणि मरिया यांना आपादमस्तक न्याहाळतो आणि 'जागा नाही' असे म्हणून दार लावून घेतो. प्रेक्षकांत बसलेल्या लहान मुलांनाही त्याचा राग येतो. वास्तविक संत लूकच्या शुभवर्तमानात असा मालक कोठेही नाही. उतारशाळेत त्यांना जागा मिळाली नाही, एवढेच संत लूक सांगतो. दार कोणी लावले, काय विचारून लावले, हे सारे आपण मागाहून रचले. शतकानुशतके या नसलेल्या माणसाला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत आलो आहोत. आज मात्र त्याच्याविषयी थोड्या सहानुभूतीने विचार करावा लागेल; कारण आपल्यापैकी पुष्कळजण आता स्वतःच उतारशाळेचे मालक झाले आहेत.

वसईच्या किनारपट्टीवर अर्नाळा, राजोडी, कळंब या भागांत ज्या वाड्यांतून एके काळी केळी, भाजी आणि फुले मुंबईला जात, त्यांतील कित्येक वाड्यांत आता शनिवार-रविवारी मुंबईची माणसे विसाव्यासाठी येतात. गोराई, मनोरी, उत्तनकडे तेच चित्र दिसते. गोव्यात मुले परदेशी गेल्यामुळे ओस पडलेली वाडवडिलांची घरे चार-चार दिवसांसाठी पाहुण्यांना दिली जातात. शासनाची निवास-न्याहारी योजना आहे, मोबाईलवरून खोली ठरवून देणाऱ्या कंपन्या आहेत. यांतील सर्वांत प्रसिद्ध कंपनी, एअरबीएनबी, हिची सुरुवातही घरातूनच झाली. २००७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे दोघा तरुणांना घरभाडे परवडेना, म्हणून त्यांनी हवेच्या गाद्या अंथरून तीन अनोळखी माणसांना आपल्या राहत्या घरात उतरविले. पुढील वर्षी त्या अंथरुणांतून कंपनी उभी राहिली.

यात गैर काही नाही. वडिलार्जित घर विकण्यापेक्षा ते राखून, त्यातील दोन खोल्या भाड्याने देऊन म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याचा खर्च भागविणे हे प्रामाणिक काम आहे. परंतु घर हे दुकान नव्हे. घरात आपली मुलेबाळे झोपतात, भिंतीवर पवित्र हृदयाची तसबीर असते, शेजारच्या क्रुसासमोर मे महिन्यात सारी आळी रोझरीसाठी जमते. अशा घराचे दार अनोळखी माणसाला उघडण्यापूर्वी त्याची चौकशी करावी काय? आणि करावी, तर कोणती? हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. खोलात जाऊन पाहिले तर तो आपल्या श्रद्धेचा आहे.

या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आपल्याकडे तयार असतात. पहिले उत्तर भाविकाचे. प्रभू येशूने परक्याच्या रूपात आपण स्वतः येतो असे सांगितले आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात न कळत देवदूतांचे आतिथ्य केलेल्यांची आठवण दिली आहे. मग ख्रिस्ती माणसाने चौकशी कशाला करावी? दुसरे उत्तर मालकाचे. घर आमचे, मर्जी आमची. कोणाला घ्यावे आणि कोणाला घेऊ नये याचा जाब आम्हांला कोणी विचारू नये. ही दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत, असे मला वाटते.

पवित्र शास्त्रातच पाहू. नव्या करारात संत योहानाची दोन छोटी पत्रे एकापुढे एक छापलेली असतात. दुसऱ्या पत्रात तो बजावतो की, जो ख्रिस्ताची शिकवण घेऊन येत नाही त्याला घरात घेऊ नका. पान उलटावे तो तिसऱ्या पत्रात तो गायस नावाच्या गृहस्थाची वाखाणणी करतो. कशासाठी, तर त्याने अनोळखी बंधूंना आसरा दिला म्हणून. त्याच पत्रात दियत्रफेस नावाच्या अधिकारी वृत्तीच्या माणसाची तो कानउघाडणी करतो. कारण तो स्वतः कोणाला स्वीकारीत नाही आणि स्वीकारू पाहणाऱ्यांना अडवितो. एकाच लेखणीतून ही दोन पत्रे आली असे परंपरा मानते. तेव्हा दार उघडणे हाही धर्म आहे आणि दाराशी विचार करणे हाही धर्मच आहे. घोळ होतो तो कशाचा विचार करावा, येथे.

चौकशी का करावी, याचे उत्तर उत्पत्तीच्या पुस्तकातील लोटाच्या कथेत आहे. सदोमात लोटाने दोघा परक्यांना आग्रहाने घरी नेले. रात्री गावगुंडांनी घराला वेढा घातला, तेव्हा पाहुण्यांना वाचविण्यासाठी त्याने आपल्या दोन मुली त्या जमावाच्या हवाली करण्याची तयारी दाखविली. पाहुण्यांनीच त्याला आत ओढून दार लावले, म्हणून अनर्थ टळला. आतिथ्याचा एवढा विपरीत अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडेल. घरातील दुबळ्यांची किंमत मोजून केलेला पाहुणचार हा सद्गुण राहत नाही. ज्या घरात तरुण मुलगी आहे, एकटी वृद्ध आई आहे, त्या घरातील कर्त्या माणसाने अनोळखी पाहुण्याविषयी विचारपूस केली, तर तो अविश्वास नव्हे. ते त्याचे पालकत्व आहे. शेजाऱ्यांचेही आपण काही देणे लागतो. भाडे आपल्या खिशात जाते. मध्यरात्रीपर्यंत चाललेल्या धिंगाण्याने झोप मात्र शेजारच्या आजाऱ्याची मोडते.

तेव्हा चौकशी हवीच. मात्र चौकशीच्या नावाखाली आपण प्रत्यक्षात काय करतो, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या तीन संशोधकांनी २०१५ साली एक प्रयोग केला. त्यांनी एअरबीएनबीवर पाहुण्यांच्या वीस खोट्या नोंदी तयार केल्या. सर्वांचा मजकूर सारखा. फरक फक्त नावाचा. काही नावे ऐकताच गोऱ्या माणसाची वाटावीत, काही कृष्णवर्णीयाची. बाल्टिमोर, डॅलस, लॉस एंजेलिस, सेंट लुईस आणि वॉशिंग्टन या पाच शहरांतील घरमालकांना या नावांनी सुमारे ६,४०० विनंत्या पाठविण्यात आल्या. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के होकार मिळाले. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना ४२ टक्के. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पुढे २०१८ साली कंपनीने असे ठरविले की, मालकाने होकार दिल्यावरच त्याला पाहुण्याचे छायाचित्र दिसावे. आणि २०२२ साली ओरेगॉन राज्यात होकारापूर्वी पाहुण्याचे पूर्ण नावही न दाखविता केवळ आद्याक्षरे दाखविण्याचा पायंडा पाडला.

त्या घरमालकांत दुष्ट माणसे फारशी नसावीत. त्यांतील बहुतेकांना कोणी विचारले असते, तर आपण केवळ काळजी घेतली असे त्यांनी मनापासून सांगितले असते. यातच खरी मेख आहे. भीती जेव्हा विचार न करता निवड करते, तेव्हा ती माणसाचे वागणे पाहत नाही, नाव पाहते. हे आपल्याला अमेरिकेतून शिकण्याची गरज नाही. मुंबईत भाड्याची जागा शोधताना आडनाव सांगताच मालकाचा चेहरा बदलला, मासे-मटण खाता काय असे विचारून मग 'जागा गेली' असे उत्तर मिळाले, हा अनुभव आपल्या समाजातील तरुणांना नवा नाही. तेव्हा आपल्याला जे झोंबले, तेच आपण आपल्या दाराशी आलेल्या मुसलमान जोडप्याला, ईशान्य भारतातून आलेल्या मुलींना, किंवा आडनावावरून जात ताडून एखाद्या कुटुंबाला देत असू, तर योसेफ आणि मरियेसाठी दरवर्षी हळहळण्याचा आपल्याला काय अधिकार?

येथे मालकाच्या उत्तराचा समाचार घेतला पाहिजे. घर आमचे, हे खरे. परंतु दारावर दराचा फलक लावला की घराचे स्वरूप थोडे बदलते. भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात म्हटले आहे की, केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणाही नागरिकाला दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही. आपल्या दोन खोल्यांना हॉटेल म्हणावे की नाही, हा वकिलांचा प्रश्न. सद्सद्विवेकाला मात्र तेवढी पळवाट पुरत नाही. व्यापाराचे पैसे घ्यावयाचे आणि व्यापाराची बंधने आली की घरमालकाचा हक्क सांगावयाचा, हे दोन्ही एकदम चालत नाही.

मग योग्य चौकशी कोणती? मला वाटते, 'तुम्ही कोण?' आणि 'तुम्ही कसे राहणार?' या दोन प्रश्नांत सारे आहे. पहिला प्रश्न ओळख पटविण्यापुरताच ठीक. कारण परदेशी पाहुणा उतरला तर त्याची माहिती शासनाला कळविण्याचे बंधन २०२५ च्या परकीय नागरिकविषयक कायद्यानेही घातले आहे, आणि कोणी भलतेच नाव सांगून राहू नये एवढी खबरदारी रास्त आहे. निवड मात्र दुसऱ्या प्रश्नावर व्हावी. किती माणसे येणार? किती दिवस? कशासाठी? रात्री दहानंतर वाडीत वाद्ये वाजवावयाची नाहीत, हे मान्य आहे काय? ज्याला जितकी माणसे सांगितली तितकीच आणावयाची आहेत, त्याला हे प्रश्न बोचत नाहीत. आणि हेच प्रश्न सर्वांना, त्याच शब्दांत, पैसे घेण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. डिसोझांना एक नियम आणि शेख यांना दुसरा, असे झाले की ती चौकशी राहत नाही.

आपल्या कुटुंबांत अविवाहित जोडप्यांचा प्रश्न हमखास निघतो. जानेवारी २०२५ मध्ये ओयो या कंपनीने मेरठमधील हॉटेलांना अशा जोडप्यांना नाकारण्याची मोकळीक दिली, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली. दोन सज्ञान व्यक्तींनी एका खोलीत राहणे हा आपल्या देशात गुन्हा नाही. परंतु आपल्या छपराखाली काय चालावे याविषयी एखाद्या ख्रिस्ती कुटुंबाच्या मनाला टोचणी लागली, तर तिला हसण्याचे कारण नाही. या बाबतीत आपल्या नीतिशास्त्राने केलेला एक जुना भेद उपयोगी पडतो. दुसऱ्याच्या कृत्यात त्याच हेतूने सामील होणे वेगळे, आणि सर्वांना पुरवावयाची सेवा त्यालाही पुरविणे वेगळे. खोली देणारा पाहुण्याच्या प्रत्येक कृत्याचा वाटेकरी ठरत नाही. तरीही ज्या कुटुंबाला आपल्या राहत्या घरात असा नियम ठेवावयाचा असेल, त्याने तो आधीच, स्पष्ट लिहून ठेवावा. आगाऊ पैसे घेऊन रात्री अकरा वाजता दाराशी विवाहाचा दाखला मागणे, आडनावे वेगळी दिसली म्हणून नवराबायकोची उलटतपासणी करणे आणि एका तरुणीला अपरात्री रस्त्यावर उभे करणे, यात नीतीचे रक्षण कोठेच नाही.

एवढे सारे करूनही फसगत टळेल काय? टळणार नाही, हे कबूल केले पाहिजे. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील ओरिंडा या गावी एक घर एका रात्रीसाठी घेण्यात आले. घेणाऱ्या स्त्रीने मालकाला सांगितले की, कुटुंबातील दहाबारा माणसांना दम्याचा विकार आहे आणि वणव्याच्या धुरापासून त्यांना दूर न्यावयाचे आहे. प्रत्यक्षात तेथे शंभरावर माणसांचा जल्लोष झाला, गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. या घटनेनंतर कंपनीने जल्लोषासाठी घरे देण्यावर निर्बंध आणले आणि २०२२ साली ती बंदी कायमची केली. या प्रकरणातील सर्वांत दुःखद भाग असा की, मालकाला दया वाटावी अशीच थाप रचलेली होती. गरजेचे सोंग घेता येते, हे कळल्यावर उद्या खरा आजारी दाराशी आला, तरी आपले मन घट्ट होणार.

पहिल्या ख्रिस्ती मंडळींनाही हा अनुभव आला होता. 'दिदाखे' नावाचे एक अतिप्राचीन पुस्तक आहे. ते पहिल्या शतकाच्या अखेरीचे किंवा दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे मानतात. त्या काळी प्रेषित आणि प्रवासी गावोगाव फिरत आणि ख्रिस्ती घरांत उतरत. त्यांत भोंदूही होते. 'दिदाखे' सांगते, प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाला स्वीकारा. मग पारख करा, म्हणजे तुम्हांला कळेल. वाटसरूने दोन, फार तर तीन दिवस राहावे. प्रेषित म्हणविणारा तीन दिवस ठाण मांडून बसला किंवा जाताना पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा. ज्याला गावातच राहावयाचे असेल, त्याने काम करून पोट भरावे. या लोकांनी फसविले गेल्यामुळे दारे बंद केली नाहीत. त्यांनी मर्यादा आखल्या आणि पारख वागण्यावरून केली.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तीत प्रत्येक पाहुण्याला साक्षात ख्रिस्त समजून स्वीकारावे अशी आज्ञा आहे. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच ठिकाणी, पाहुण्याला शांतीचे चुंबन देण्यापूर्वी त्याच्यासह प्रार्थना करावी, कारण सैतान भुलवितो, असाही इशारा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. आणि मठाच्या दाराशी कोणाला बसवावे? तर एखाद्या शहाण्या, पोक्त वृद्धाला, ज्याचे पाय इकडेतिकडे भटकत नाहीत. त्याची खोली दाराजवळच असावी, म्हणजे येणाऱ्याला नेहमी कोणीतरी भेटेल. कोणी दार ठोठावले किंवा गरिबाने हाक दिली, की त्या वृद्धाने प्रथम देवाचे आभार मानावेत किंवा आशीर्वाद मागावा, आणि मग त्वरेने, प्रेमळपणे उत्तर द्यावे. आधी कृतज्ञता आणि मग विचारपूस, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. तोच प्रश्न संशयाने विचारला की तपासणी होते आणि आनंदाने विचारला की स्वागत होते.

त्या वृद्धाची खोली दाराजवळ होती, हेही विसरू नये. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम मम्रे येथे तीन परक्यांना भेटतो, तेव्हा तो भर उन्हाच्या वेळी तंबूच्या दाराशी बसलेला असतो. त्याने त्यांची नावे विचारल्याचे दिसत नाही. विचारण्याची गरजही नव्हती; तो स्वतः तेथे हजर होता, त्यांना पाणी देत होता, ते जेवीत असताना झाडाखाली उभा होता. आपल्या जुन्या घरांना ओटा होता, तो याच कामासाठी. आलेला माणूस आधी ओट्यावर टेकत असे, पाणी पीत असे, चार शब्द बोलत असे. तोवर घरातील आजीने त्याला पुरते ओळखलेले असे. आज मालक कॅनडात वा आखातात असतो, घर गावात असते आणि किल्ली दाराबाहेरच्या आकड्यांच्या पेटीत असते. आपण दाराशी नसतो, म्हणून आपल्याला छायाचित्रे, ओळखपत्रे आणि कॅमेरे यांची भिस्त बाळगावी लागते. आपण दारापासून जितके दूर, तितका संशय अधिक. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतः घरात असावे. शक्य नसेल, तर शेजारच्या एखाद्या पोक्त माणसाला मोबदला देऊन पाहुण्याच्या स्वागताला उभे करावे. हजारो मैलांवरून केलेल्या चौकशीहून ओट्यावरचा एक पेला पाणी अधिक सांगून जातो.

आणखी एक गोष्ट मालक म्हणून आपण सहसा ध्यानात घेत नाही. पाहुण्यालाही आपण अनोळखीच असतो. तो आपल्या घरात, आपल्या खाटेवर, आपल्या कुलपाच्या भरवशावर झोपतो. एकटी स्त्री असेल, तर तिला आपल्याहून अधिक भय असते. भाड्याच्या घरांत लपविलेल्या कॅमेऱ्यांच्या तक्रारी इतक्या झाल्या की, एअरबीएनबीने एप्रिल २०२४ अखेरपासून घराच्या आत कॅमेरे ठेवण्यास पूर्ण मनाई केली. ज्या पाहुण्याची माहिती आपण मागतो, तिचे रक्षण करणे हाही आतिथ्याचाच भाग होय. आधार कार्डाचा क्रमांक झाकून केवळ शेवटचे चार आकडे दाखविणारी प्रत मिळते. ती पुरत असेल तर तिच्यावर समाधान मानावे. पाहुण्यांच्या ओळखपत्रांच्या प्रती मोबाईलवर साठवून चार ठिकाणी फिरविणे म्हणजे विश्वासाने दिलेली वस्तू रस्त्यावर टाकणे आहे.

शेवटी भाविकाच्या उत्तरातील सत्याकडे परत यावेच लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस कोसळला आणि मुंबई जागच्या जागी थांबली. त्या रात्री असंख्य घरांनी, शाळांनी, प्रार्थनास्थळांनी भिजलेल्या अनोळखी माणसांना आत घेतले. कोणी ओळखपत्र मागितले नाही, कोणी आडनाव विचारले नाही. चार दिवसांच्या सुटीसाठी येणारा आणि पुरातून येणारा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिल्याला नकार मिळाला, तर तो दुसरी खोली शोधतो. दुसऱ्याला नकार मिळाला, तर त्याला रात्र उघड्यावर काढावी लागते. त्याच्या बाबतीत गरज हीच ओळख. तीत फसण्याचा धोका राहतो, आणि तो धोका पत्करणे यालाच आपण दया म्हणतो.

चांगल्या शमरोनीच्या दाखल्यात एक उतारशाळेचा मालक खरोखरच आहे. संत लूकने तेथे उतारशाळेसाठी जो ग्रीक शब्द वापरला आहे, त्याचा धात्वर्थ 'सर्वांना स्वीकारणारी जागा' असा होतो. हा मालक पैसे घेतो. दोन दीनार त्याच्या हातावर पडतात आणि उरलेल्या खर्चाचा वायदा मिळतो. वायदा करणारा शमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या दृष्टीने भरवशाचा नव्हे. जखमी माणसाचे तर नावही कोणाला ठाऊक नाही. त्या मालकाने काय विचारले, हे प्रभूने सांगितलेले नाही. त्याने काहीतरी विचारले असेलच. धंदा करणारा माणूस विचारतो. परंतु विचारून झाल्यावर त्याने त्या जखमी माणसाला आत घेतले, एवढे नक्की. आपल्या घराच्या खोल्या देताना आपणही जरूर विचारावे. आणि सारे विचारून झाल्यावर, आपण विचारले ते दार उघडण्यासाठी की लावण्यासाठी, हे एकदा स्वतःलाही विचारावे.